कम्प्युटरमधले पत्ते

आमच्या खात्यात एक दिवस फतवा निघाला की संगणकाची परीक्षा पास झाल्याशिवाय पुढची वेतनवाढ मिळणार नाही. मी तेव्हा जालन्याच्या एका सरकारी कचेरीत आवक-जावक बघत होतो आणि शाईच्या पेनानं सगळं बरं चाललं होतं. फतवा निघाला तसा मी मनातल्या मनात सगळ्या खात्याला शिव्या घातल्या आणि संध्याकाळचा क्लास लावला. क्लासमध्ये एकेका मशीनवर तिघंतिघं बसवायचे. दोघांच्या मधून मान घालून शिकणं काही मला जमेना, म्हणून शेवटी घरीच कम्प्युटर आणला. दोन हजार सालानंतरची ही गोष्ट. बायकोनं त्याला फुलाफुलांच्या कापडाचं कव्हर शिवलं. त्या खोलीत चप्पल घालून जायचं नाही असा नियमही झाला. तो कुणी केला ते मला अजून माहीत नाही, पण सगळ्यात कडक मीच पाळायचो.

विकणाऱ्यानं सांगितलं होतं, "सर, आतमध्ये सगळं आहे." ते सगळं म्हणजे काय, हे मला हळूहळू कळायला लागलं. सिनेमा कापायचं आणि जोडायचं काहीतरी होतं. परदेशातल्या माणसाशी बोलायचं काहीतरी होतं, आणि आमच्या घरात तेव्हा साधा फोनसुद्धा नव्हता. एखादी फाईल शोधायला गेलं की कोपऱ्यात एक पिवळा कुत्रा येऊन बसायचा आणि शेपूट हलवायचा. मला एक अर्ज टाइप करून तो नीट छापता आला की झालं, एवढीच माझी मागणी. न मागितलेलं ताटात वाढलं की माझं डोकं फिरतं, आणि इथे तर सगळं ताटच परस्पर भरून आलेलं.

त्या भरलेल्या ताटात पत्ते होते.

क्लासच्या मास्तरीणबाईंनीच सांगितलं होतं, "घरी पत्ते खेळा, म्हणजे माउसवर हात बसेल." एकट्यानं लावायचा डाव तो. काळ्या पानावर लाल, लालवर काळं. सरकारी फतव्याच्या अभ्यासासाठी पत्ते खेळायचे हे मला विचित्र वाटलं, पण मास्तरीणबाईंपुढे कोण बोलणार?

आता घरातल्या माणसांबद्दल सांगतो. आम्ही भोकरदन तालुक्यातल्या धावड्याचे. वडलांना आम्ही दादा म्हणतो आणि आईला माय. दादांचे गुडघे गेले, मिरचीत वाकणं होईना, तेव्हा शेत चुलतभावाला बटईनं लावलं आणि दोघांना मी जालन्याला घेऊन आलो. मायचं इथे जमलं. शेजारच्या बायका, देऊळ, भाजीवाली, सगळ्यांशी तिची ओळख आठवड्याभरात झाली. दादा मात्र सकाळी ओट्यावर बसायचे ते ऊन अंगावर आलं की आत, आणि ऊन गेलं की पुन्हा बाहेर. काही लागतं का विचारलं तर म्हणायचे, "बिलकुल न्हाई." मी ते खरं धरून चाललो होतो.

आणि दादांनी पत्ते सोडलेले होते.

ते नीट सांगायला पाहिजे. मी तिसरीत असतानाची गोष्ट. उन्हाळ्याच्या सुट्टीत आजोळी, कुंभार पिंपळगावला, मी मुदतीच्या तापानं पडलो. ताप उतरेना, मी ओळख विसरलो, तोंडात घातलेलं पाणी बाहेर यायला लागलं. दादांना निरोप गेला. ते धावड्याहून एसट्या बदलत आले, माझ्याकडे पाहिलं आणि कुणाशी न बोलता तसेच उठून शेजारच्या जांबला गेले. तिथल्या देवळात उभं राहून बोलले की पोरगं उठलं तर जन्मात पत्त्याला हात लावणार नाही. आमच्याकडे अशी सोडायची रीत आहे. कुणी सीताफळ सोडतं, कुणी विडी सोडतं. जे सोडायचं ते आवडीचं असावं लागतं, नावडतं सोडलं तर ते पोचत नाही. दादांना पत्त्याइतकं आवडीचं दुसरं काही नव्हतं. धावड्यात मेंढीकोटमध्ये त्यांचा हात कुणी धरू शकत नसे. पैसे लावून खेळ कधीच नव्हता, पण पारावर दुपारी डाव पडला की दादा ज्याचे भिडू, तो बसतानाच हसायला लागायचा.

मी उठलो. दादांनी पत्ते सोडले, आणि गावानंही ते पाळलं. दादा पारावरून निघाले की खेळणारे हातातली पानं पालथी घालायचे. लग्नात वऱ्हाडाच्या जानोशात सगळे पुरुष सतरंजीवर गोल करून बसायचे, तेव्हा दादा बाहेर बैलांपाशी जाऊन बसायचे. मी हे पाहतच मोठा झालो. आपल्यामुळे बाप बाहेर बसतो याचं मला लहानपणी काय वाटायचं ते आता नेमकं सांगता येत नाही. थोडा रुबाब वाटायचा आणि थोडी चीड यायची, एवढं आठवतं.

एका रविवारी मी माउसवर हात बसवत होतो आणि दादा मागं येऊन बसले. मग म्हणाले, "ती काळी नव्वी त्या लाल मेंढीवर बसंल." दश्शीला ते मेंढी म्हणायचे, त्यांच्या खेळाच्या हिशेबानं. मी बसवली. बसली. मग अजून एक पान सांगितलं, मग अजून एक. मी पाणी प्यायला उठलो आणि परत आलो तर ते माझ्या खुर्चीत होते. इतकं साधं झालं ते. शपथेची मला आठवणसुद्धा झाली नाही. माझ्या लेखी पत्ते म्हणजे पुठ्ठ्याचे, पिसायचे, वाटायचे. हे तर काचेमागचं चित्र होतं, सरकारी अभ्यासातलं.

मग दादा दुपारचे ओट्यावर दिसेनासे झाले. मायनं विचारलं तर म्हणाले, "पोराच्या हापिसचं काम करून राह्यलो." मायला कौतुक वाटलं. तिनं शेजारणीला सांगितलंही की आमचे हे या वयात कम्प्युटर शिकून राह्यले.

पुढचं मला बायकोनं सांगितलं, कारण मी कचेरीत होतो. माय चहा घेऊन आत गेली आणि नेमका त्याच वेळी दादांचा डाव सुटला. त्या खेळात डाव सुटला की पडद्यावर एकेक पान उड्या मारत खाली येतं, राजे, राण्या, गुलाम, सगळा पडदा भरून जातो आणि थांबता थांबत नाही. बंद कसं करायचं ते दादांना सुचेना. माय कप हातात धरून दारात उभी राहिली.

"ह्ये काय हाये?"

"हापिसचं हाये," दादा म्हणाले, आणि बदामचा राजा उड्या मारत त्यांच्या बोटाखालून गेला.

मी घरी आलो तेव्हा माय देव्हाऱ्यापुढे बसली होती. तिनं दुपारपासून पाणी घेतलं नव्हतं. मला पाहून रडली नाही की ओरडली नाही. फक्त म्हणाली, "त्याच्यातून पत्ते काढ. मंग जेवते."

"अगं माय, ते खरे पत्ते नाहीत. चित्र आहे ते," मी म्हणालो.

"चित्रातला देव देव असतो का न्हाई?"

देव्हाऱ्यात सगळ्या तसबिरीच होत्या. मी दादांकडे पाहिलं. ते पलंगाच्या कडेला बसून स्वतःच्या हाताकडे बघत होते.

"मी पत्त्याला हात लावला न्हाई," ते म्हणाले. "मशीनीला लावला."

"मंग मला खोटं कामून सांगितलं?" माय म्हणाली.

मायचं म्हणणं सरळ होतं. पोराचा जीव पत्त्याच्या बदल्यात मागून घेतलेला आहे. पत्ते परत घेतले तर पोरगं परत द्यावं लागेल. ते पोरगं म्हणजे मी, तीस ओलांडलेला, टक्कल पडायला लागलेला, दोघांच्या मध्ये डबा हातात घेऊन उभा. मला या गोष्टीवर हसू यावं की राग यावा ते कळेना. शेवटी राग आला, कारण तो मला लवकर येतो, आणि मी तो कम्प्युटरवर काढायचं ठरवलं.

पडद्यावर पत्त्यांचं छोटं चित्र होतं. ते मी मायच्या डोळ्यांदेखत पडद्यावरच्याच कचऱ्याच्या डब्यात टाकलं, डबा रिकामा केला. माय म्हणाली, "गेले?" मी म्हणालो, "गेले." ती जेवली. मीही जेवलो, दोन पोळ्या जास्तच.

काही दिवसांनी सकाळी मी कचेरीला निघालो तर दादा गुडघे धरत फाटकापर्यंत माझ्या मागं आले. इकडेतिकडे बघून म्हणाले, "ते गेलं न्हाई."

"काय?"

"ते. खालच्या बटनातून आत गेलं की हाये अजून. मी खेळलो न्हाई. पण हाये."

"मग तुम्ही तिथे गेलातच कशाला?"

"पाहून आलो," दादा म्हणाले.

मला तेव्हा माणसाचा स्वभाव कळेना आणि मशीनचाही. चित्र टाकून दिलं होतं, वस्तू आतच होती. घराच्या दारावरची पाटी काढून मी घर पाडल्याच्या थाटात जेवलो होतो. संध्याकाळी मी बटनातून आत गेलो, यादीतून नाव काढलं, तरी समाधान होईना. मग फोल्डरमागून फोल्डर उघडत गेलो आणि शेवटी कम्प्युटर चालवणाऱ्या प्रणालीच्या पोटात ती पत्त्यांची मूळ फाईल सापडली. इवलीशी होती. मी ती पुसली. मोठं काम केल्यासारखा मागं टेकून बसलो आणि ती माझ्या डोळ्यांसमोर परत आली.

मी पुन्हा पुसली. दोन श्वास जाईपर्यंत ती पुन्हा तिथेच.

पुढे कधीतरी मला कळलं की ती प्रणाली आपल्या खास फायलींची एक नक्कल लपवून ठेवते आणि कुणी मूळ फाईल पुसली की गुपचूप नवी आणून मांडते. त्यात चमत्कार काही नव्हता. पण त्या संध्याकाळी मला हे माहीत नव्हतं, आणि मागं कधी येऊन उभी राहिली कुणास ठाऊक, माय होती.

"परत आलं," ती म्हणाली.

"मशीन आहे, चुकतं कधीकधी."

"चुकत न्हाई. ते जायाला तयार न्हाई."

तिनं हे अगदी शांतपणे सांगितलं. मी स्वतःला बजावलं की आपण शिकलेले आहोत, नोकरीला आहोत, परीक्षेला बसतो आहोत. तरी ती फाईल पुन्हा पुसून बघायची हिंमत मला झाली नाही.

दुसऱ्या दिवशी दुकानातल्या दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याच्याकडे सगळ्या रोगांवर एकच औषध होतं. "सर, फॉरमॅट मारतो. सगळं साफ." माझं आत फार काही नव्हतं, चार अर्ज आणि एक क्लासचा तक्ता. म्हटलं मार. त्यानं दुपारभर बसून सगळं पुसलं, नव्यानं सगळं घातलं, मध्ये दोनदा लाईट गेली तरी पठ्ठ्या कंटाळला नाही. माय दारात पाट टाकून बसली होती. काम झाल्यावर त्यानं बटन दाबलं, यादी उघडली, आणि पत्ते होते. नवेकोरे.

"मावशी, ते कंपनीतूनच येतं," तो म्हणाला.

"मंग कंपनीला सांगा, आमच्यात चालत न्हाई," माय म्हणाली.

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे पाहिलं. तो सामान आवरून निघून गेला. जाताना म्हणाला, "सर, खेळायचं नसलं तर उघडू नका ना. कुणी जबरदस्ती केली?" माणूस बरोबर बोलत होता. पण हे मायला समजावून सांगायचं तर आधी ते मला पटायला पाहिजे होतं, आणि मला काय पटलं होतं, काय नव्हतं, याचाच गोंधळ झालेला. दादा खेळले होते हे खरं. आता खेळत नव्हते हेही खरं. घरात वस्तू आहे म्हणून शपथ मोडते का? घरात दारूची बाटली ठेवून दारू सोडता येते का? दोन्ही बाजूंनी मीच बोलत होतो आणि दोन्ही बाजूंनी हरत होतो.

त्या आठवड्यात मला ताप आला.

गल्लीत घरोघरी ताप होता. डॉक्टरनं गोळ्या दिल्या, म्हणाले साथ आहे, घाबरू नका. पण माय घाबरायची तेवढी घाबरली. तिनं माझ्या उशाशी बसून मीठमोहऱ्या उतरवल्या, आणि दादांशी बोलणं बंद केलं. दादा दारापर्यंत यायचे, माझ्याकडे बघायचे आणि परत जायचे. एकदा मी डोळे मिटून पडलो होतो तर त्यांचा आवाज आला. ते बायकोला विचारत होते, "अंग लई तापलंय का?" तिनं सांगितलं, "आज कमी आहे." ते तिथेच उभे राहिले. बराच वेळ त्यांची पावलं वाजली नाहीत.

आणि मी? खरं सांगायचं तर मीही घाबरलो. अंगात ताप असला की शिक्षण पातळ होतं. तिसरीतल्या त्या तापाचं मला काहीच आठवत नव्हतं, पण आता पडल्यापडल्या वाटायला लागलं की आठवतंय. आपला जीव कुणीतरी काहीतरी देऊन सोडवून आणलेला आहे, आणि ती वस्तू आता बाजूच्या खोलीत फुलाफुलांच्या कव्हराखाली बसलेली आहे, असं मनात यायचं. मग स्वतःची लाज वाटायची आणि ताप चढायचा.

ताप जरा उतरल्यावर एका दुपारी मी शाल गुंडाळून कम्प्युटरपुढे बसलो. सगळी दारं ठोठावायची ठरवलं. प्रोग्राम काढायची एक यादी असते, ती मी आधीही पाहिली होती, तिच्यात पत्त्यांचं नावच नसायचं. त्या दिवशी मात्र त्या यादीच्या डाव्या बाजूला वेगळं एक बटन दिसलं. प्रणालीसोबत आलेल्या गोष्टींसाठी ते होतं. त्याच्या आत अजून एक पेटी, तिच्या आत खेळ, आणि एकेका खेळापुढे बरोबरची खूण केलेला चौकोन. खूण काढायची, पुढे जायचं, संपलं. इतके दिवस माझे आणि माझ्या घराचे नाकी नऊ आले होते आणि काम एवढंसं होतं.

मी मायला हाक मारली. ती आली, तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तू न्हाई. ज्यानं सोडलं त्यानंच काढायचं."

"अगं, कुणी काढलं तरी निघतंच."

"तुझं तू सोडलं होतं का? त्यांनी सोडलं होतं. त्यांच्याच हातानं जाऊ दे."

दादांना बोलावलं. त्यांनी अंघोळ झालेली असूनही पुन्हा हातपाय धुतले, टोपी नीट केली आणि खुर्चीत बसले. मी बाजूला उभा राहून वाचून दाखवत होतो. पत्त्यांचे एकूण चार प्रकार निघाले, ते ऐकून मायनं कपाळाला हात लावला. दादांनी एकेकाची खूण काढली. खाली सुरुंगाचा एक खेळ होता, चुकून पाय पडला की स्फोट होतो तो.

"ह्ये काय?" मायनं विचारलं.

"सुरुंग आहेत. बाँब फुटतात."

"राहू दे," माय म्हणाली.

आता शेवटचं, पुढचं बटन दाबायचं राहिलं. माय म्हणाली, "थांबा." ती आत गेली आणि देवापुढचं फुलपात्र भरून घेऊन आली. मला कळेपर्यंत उशीर झाला होता. एखादी गोष्ट कायमची सोडायची तर हातावरून पाणी सोडावं लागतं, त्याशिवाय ती सुटत नाही, हे मलाही माहीत होतं. पण दादांचा हात माउसवर होता.

"म्हना, सोडलं," माय म्हणाली.

"सोडलं," दादा म्हणाले, आणि मायनं फुलपात्र त्यांच्या हातावर ओतलं.

पाणी बोटांवरून माउसवर, माउसवरून टेबलावर, टेबलावरून माझ्या शालीवर आलं. पडद्यावरचा बाण होता तिथेच थांबला. दादा बटन दाबत होते, काही होत नव्हतं. माय माझ्याकडे बघत होती, मी दादांकडे, दादा त्या बाणाकडे.

"गेले का न्हाई?" माय म्हणाली.

मला कळेना काय सांगावं. खुणा निघाल्या होत्या, हुकूम दिलेला नव्हता. सोडलं होतं, पण गेलं नव्हतं. मी टॉवेल शोधायला लागलो, बायको धावत आली आणि तिनं आधी मेन स्विचकडे हात नेला. तिला मी ओरडून थांबवलं, कारण लाईट बंद झाली तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. मग मला आठवलं की कीबोर्डवरचं एंटर दाबूनही चालतं. कीबोर्ड कोरडा होता. मी दादांना ते बटन दाखवलं. त्यांनी बोट धोतराला पुसलं, दोनदा पुसलं, आणि दाबलं.

एक हिरवी पट्टी हळूहळू भरत गेली. आम्ही चौघं तिच्याकडे बघत राहिलो. पट्टी संपली. मी कीबोर्डवरूनच धडपडत यादी उघडून दाखवली. पत्ते नव्हते. मायनं टेबलाला हात लावून नमस्कार केला आणि स्वयंपाकघरात गेली. माउस बायकोनं दुसऱ्या दिवशी उघडून गच्चीवर कुरडयांच्या शेजारी वाळत घातला, आणि तो पुन्हा चालूही झाला.

माझा ताप त्याच सुमारास गेला. गल्लीतल्या इतरांचाही गेला, ज्यांच्या घरी ना शपथ होती ना कम्प्युटर. मी हे मायला सांगितलं नाही. स्वतःला सांगून पाहिलं, पण मन म्हणायचं, गेला ना ताप, मग कशाला उकरतोस.

दादा पुन्हा ओट्यावर बसायला लागले. मला बरं वाटेना, म्हणून एका रविवारी त्यांना सुरुंगाचा खेळ दाखवला. त्यांनी दोनचार चौकोन दाबले, स्फोट झाला, आणि ते म्हणाले, "ह्याच्यात कोनीच न्हाई." मग उठून बाहेर गेले. मी कम्प्युटर बंद करून त्यांच्या शेजारी जाऊन बसलो. ऊन ओट्यावरून सरकत होतं. दादा बोलायला लागले ते माझ्याशी की स्वतःशी ते मला लगेच कळलं नाही.

"मला एक समजून न्हाई राह्यलं," ते म्हणाले. "तव्हा जांबला गेल्तो, बोललो, परत आल्तो. काहीच जड गेलं न्हाई. पारावरून जाताना कव्हा मन झालं न्हाई. आन् आता तू तापानं पडल्याला, मी हातानं काढून राह्यलो, तरी मनात आलं की एक डाव लावून मंग काढावं. तू तर तोच हाये. मंग असं कामून?"

मी म्हणालो, "होतं असं, दादा. कंटाळा येतो माणसाला."

त्यांनी मान हलवली. माझं उत्तर त्यांना पुरलं नव्हतं. ते विचार करत होते, हिशेब चुकलेला माणूस पुन्हा पहिल्यापासून मोजतो तसे. मग त्यांना ते सापडलं, आणि सापडल्याचं समाधानही त्यांच्या तोंडावर दिसलं.

"बराबर," ते म्हणाले. "तव्हा पत्ते सोडले तर बाकीचं होतं. शेत होतं, बैलं होते, मान्सं होती. इथं तेवढं एकच होतं."

त्यात तक्रार नव्हती. माझ्यावर नव्हती, मायवर नव्हती. एक गोष्ट कळत नव्हती ती कळली, एवढंच त्यांच्या आवाजात होतं. बिलकुल न्हाई, बिलकुल न्हाई म्हणत हा माणूस माझ्या घरात वर्षभर राहिला होता, आणि मी मशीनमधल्या नको असलेल्या गोष्टी मोजत बसलो होतो. मला रडू आलं. ते दिसू नये म्हणून मी खाली वाकून चप्पल नीट केली.

"दादा," मी म्हणालो, "धावड्याला जायचं का?"

मला वाटलं ते गुडघ्यांचं सांगतील. एसटीच्या गर्दीचं, मायच्या औषधाचं काहीतरी सांगतील.

"कव्हा?" दादा म्हणाले, आणि भिंतीला हात लावून उठायलाच लागले.